कुलाबा स्टेशन का बंद झालं?

चर्चगेटला लोकल रुळांच्या टोकाच्या बफरपाशी (धक्का झेलणाऱ्या अडथळ्यापाशी) थांबते आणि आपल्याला वाटतं, रेल्वे इथेच संपते. 1930 सालापर्यंत ती संपत नव्हती. रूळ ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेने, समुद्राला लागून दक्षिणेकडे जात. आज जिथे बधवार पार्क ही रेल्वे वसाहत आहे, तिथे बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं कुलाबा टर्मिनस होतं. 1873 साली ते सुरू झालं, आणि पक्की इमारत आली 1896 मध्ये. शेजारीच कापसाचा बाजार, त्यामुळे मालवाहतूकही भरपूर.

लोक गेले, गाड्या रिकाम्या धावू लागल्या, म्हणून स्टेशन बंद पडलं असं समजू नका. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या वर्षाअखेर स्टेशनच उठलं! कारण होतं जमीन. बॅकबे या पश्चिमेकडच्या उपसागरात भराव टाकल्यामुळे रुळांच्या पश्चिमेला नवी जमीन तयार होत होती. शहर एकीकडे, भराव दुसरीकडे आणि मधून जमिनीलगत लोहमार्ग. प्रत्येक नव्या रस्त्याला फाटक लागलं असतं, आणि दर काही मिनिटांनी लोकल जात असेल तर ते फाटक उघडायचं कधी?

दुसरी अडचण टर्मिनसच्या कामाची. वाफेची मेल फलाटाला लागली की तिचं इंजिन बफर आणि डब्यांच्या मध्ये कोंडलं जातं. ते सोडवायचं तर आधी कपलिंग (इंजिन आणि डबे जोडणारा सांधा) आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पाइप काढायचा. मग शेजारच्या मोकळ्या रुळावरून इंजिन मागे न्यायचं, किंवा दुसऱ्या इंजिनाने रेक (डब्यांची पूर्ण रांग) ओढून नेईपर्यंत थांबायचं. पुढे इंजिनाला तोंड फिरवायचं टर्नटेबल, कोळसा, पाणी. डब्यांना धुलाई आणि टाक्या भरणं. यार्डाला ऐसपैस जागा हवी, आणि एवढा वेळ फलाट अडतो तो वेगळाच. विजेच्या लोकलला यातलं काही लागत नाही: दोन्ही टोकांना केबिन असते, मोटरमन आणि गार्ड जागा बदलतात आणि गाडी परत निघते.

म्हणून दोन्ही कामं वेगळी केली. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार 21 महिन्यांत मुंबई सेंट्रल उभं राहिलं. त्याचं उद्घाटन 18 डिसेंबर 1930 ला झालं. कुलाबा 31 डिसेंबरला बंद झालं आणि लोकल चर्चगेटलाच संपू लागली.

निर्णय हिशेबाला पक्का होता, पण भुर्दंड प्रवाशावर पडला. फ्रंटियर मेल 1928 मध्ये कुलाब्याहून सुटायची. तीच पकडायला कुलाबकराला आता ट्रंका, वळकट्या घेऊन मुंबई सेंट्रल गाठावं लागलं. आज चर्चगेटला चारच फलाट आहेत. एक रेक बिघडून अडकला की चौथा हिस्सा क्षमता गेली, आणि मागच्या गाड्या थेट मरीन लाइन्सपर्यंत तुंबतात.