पश्चिमेचं शटर

[दृश्य: मे महिना, दुपारचे साडेतीन. जुळे सोलापूरमधली एक गल्ली. दारं-खिडक्या बंद, रस्ता ओस. कुठूनतरी शिलाई मशीनचा आवाज.]

सोलापुरात ‘गॅरेज’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो ग्रीसनं काळा झालेला मिस्त्री आणि उघडून ठेवलेलं मोटारसायकलचं इंजिन. घरातल्या गाडीच्या खोलीला आम्ही गॅरेज म्हणत नाही. पार्किंग म्हणतो, नाहीतर सरळ शटर. ‘सायकल शटरात लाव’ म्हटलं की पोराला कळतं.

हे आमचं शटर. ते काढून उष्णता अडवणारं दार बसवलं, त्याची ही गोष्ट. दहा फूट रुंद, आठ फूट उंच, तोंड पश्चिमेला. आत एक कार, एक स्कूटर, आणि भिंतीला लागून आईची दोन मशीनं. आई शाळेचे गणवेश शिवते, पीसवर. या शहरात गणवेशाचा धंदा मोठा. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, म्हणजे माल निघायला हवा त्याआधी. उन्हाळा जेव्हा ऐन भरात असतो, तेव्हाच काम ऐन भरात.

[दृश्य: आतून शटर. पट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा. आई मशीनवर, पाठ शटरकडे.]

दुपारी चारला आतून शटरला हात लावून बघितला. लगेच मागे घेतला. पंखा चालू होता, पण तापलेली हवाच इकडून तिकडे ढकलत होता. आईचं म्हणणं एवढंच, की पाठीमागं कुणीतरी चूल पेटवून ठेवलीय.

आई अतिशयोक्ती करते का, म्हणून कागदावर ढोबळ हिशोब मांडला. बाहेर ४२ अंश. गडद रंगाच्या पत्र्यावर पश्चिमेचं ऊन थेट पडलं, की पत्र्याच्या दृष्टीनं बाहेरचं तापमान ७० च्या आसपास जातं. दाराचं क्षेत्रफळ सुमारे साडेसात चौरस मीटर. एकेरी पत्रा उष्णता जवळपास अडवतच नाही. उत्तर आलं दीड हजार वॅटच्या घरात. म्हणजे पाणी तापवायचा एक मोठा रॉड दुपारभर खोलीत चालू ठेवल्यासारखं. आई बरोबर होती.

[दृश्य: जुन्या पेठेतलं माळवदाचं घर. जाड भिंत, छोटा झरोका.]

आजोबांचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं होतं. भिंत दोन हात जाड, दगड-मातीची. तिथं दुपारी अंगावर पातळ चादर घेऊन झोप लागायची. माती उष्णता अडवते असं नाही, ती उशीर करते. दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर सगळे खाटा घेऊन वर गेलेले असतात. पत्रा उशीर करत नाही. माती ऊन पचवते, पत्रा लगेच ओकतो. पण दोन हात जाडीचं दार काही वर सरकवता येत नाही. तिथं वेगळी युक्ती लागते.

ती युक्ती जिल्ह्यात आधीपासून आहे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंती पाहिल्या असतील, तर तुम्ही पफ पॅनेल पाहिलंय. दोन पातळ पत्रे आणि मधे पॉलियुरेथेनचा घट्ट फेस. फेसात लाखो बारीक कप्पे, आणि कोंडलेल्या वायूतून उष्णता फार सावकाश सरकते. (इथं सोलापुरी चादरीची उपमा द्यायचा मोह होतो, पण मे महिन्यात चादरीचं नाव नको.) थर्माकोलही हेच काम करतो, मात्र तेवढ्याच जाडीत पफ साधारण दीडपट चांगला.

मग साध्या शटरला आतून थर्माकोल चिकटवला तर? मीही हेच विचारलं. फॅब्रिकेटर हसला. शटर वर गुंडाळलं जातं, चिकटवलेली पाटी गुंडाळायची कशी? शिवाय पेट्रोलच्या गाडीशेजारी उघडा फेस ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. फेस नेहमी दोन्ही बाजूंनी पत्र्यात बंद हवा.

[दृश्य: पॅनेलचं दार हळूहळू वर जातंय, छताखाली आडवं होतंय.]

म्हणून उरतात दोन वाटा. एक, दुहेरी पट्ट्यांचं शटर, प्रत्येक पट्टीच्या पोटात फेस. जागा कमी खातं, पण पट्ट्यांचे सांधे खूप, आणि दर सांधा म्हणजे एक चोरवाट. दुसरी, आडव्या पॅनेलांचं दार. चार-पाच रुंद पॅनेल बिजागरीनं जोडलेले, कडेला चाकं, रुळावरून वर चढून छताखाली निजतात. हे दार अमेरिकेतलं, सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये ते काढलं, आणि १९२६ मध्ये विजेवर उघडायची सोयही आणली. तिकडच्या थंड गावांत ऊब बाहेर जाऊ नये म्हणून त्यात फेस भरतात. आपल्याला नेमकं उलटं हवंय, पण फेसाला दिशा कळत नाही, तो दोन्हीकडून सारखाच अडवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, रात्री लागणार आहे.

आता आकड्यांचा बाजार. कॅटलॉगमध्ये ‘आर व्हॅल्यू’, म्हणजे उष्णता अडवायची ताकद लिहिलेली असते, जितकी जास्त तितकं चांगलं. युरोपातला माल ‘यू व्हॅल्यू’, म्हणजे उष्णता किती आरपार जाते ते सांगतो, ती जितकी कमी तितकं चांगलं. त्यातही गंमत अशी, की ४० मिलिमीटरच्या त्याच पफ पॅनेलची आर व्हॅल्यू अमेरिकन मापात ९ च्या आसपास आणि मेट्रिक मापात १.६ च्या आसपास निघते. एकात नऊ, दुसऱ्यात पावणेदोनसुद्धा नाही. एकक न विचारता तुलना केली की फसलोच.

आणि मोठ्या आकड्याच्या मागं किती पळायचं? एकेरी पत्र्यातून येणाऱ्या उष्णतेपैकी अमेरिकन मापातला ८ चा पॅनेल साधारण ८८ टक्के अडवतो. १६ चा घेतला, जाडी दुप्पट केली, तर ९४. पहिल्या आठानं जे दिलं, त्याच्या पासंगालाही दुसरा आठ पुरत नाही. विक्रेत्याला मी एकच प्रश्न विचारला: हा आकडा पॅनेलच्या मधल्या भागाचा, की फ्रेम, सांधे, रबर धरून अख्ख्या दाराचा? तो पॅनेलचाच निघाला. बहुतेक वेळा तोच असतो, आणि अख्ख्या दाराचा त्याहून बराच कमी भरतो.

[दृश्य: दाराची खालची कड. फरशीला उतार. कडेच्या फटीतून उजेड.]

कारण उष्णता पॅनेल फोडून येत नाही, फटीतून येते. पार्किंगची फरशी पाणी बाहेर जावं म्हणून उताराची, वर चार ठिकाणी उखडलेली. दार सरळ, फरशी वाकडी. खालचं रबर एका टोकाला टेकलं की दुसऱ्या टोकाला बोटभर फट. त्या फटीतून गरम वारा, धूळ, वळवाचं पाणी आणि उंदीर, सगळे येतात. आम्ही दाराआधी फरशीची ती पट्टी नीट करून घेतली. पूर्ण कामात सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच.

दुसरी अडचण डोक्यावर. गुंडाळतं शटर बीमखाली पेटीत मावतं. पॅनेलच्या दाराला दाराच्या वर साधारण फूटभर मोकळी जागा लागते आणि आत छताखाली दाराच्या उंचीएवढे रूळ. तिथंच आमचा माळा, ट्यूबलाइट आणि पंखा. पंखा मागं सरकला, माळा निम्मा झाला. आजोबांच्या तांब्याच्या घंगाळाला नवी जागा अजून सापडलेली नाही.

स्प्रिंगला घरच्यांनी हात लावायचा नाही, हे मात्र दम देऊन सांगतो. दाराचं सगळं वजन तिच्या पिळात असतं. सुटली तर हाड मोडते. साधी स्प्रिंग दहा हजार उघडझाकींच्या हिशोबाची असते, रोज सहा वेळा म्हटलं तर साडेचार वर्षं. मोटर बसवणार असाल तर खाली दोन्ही बाजूंना प्रकाशाचा डोळा घ्याच. मधे मूल किंवा मांजर आलं की दार परत वर जातं. अमेरिकेत १९९३ पासून अशी सुरक्षा सक्तीची आहे. आणि लाइट गेल्यावर हातानं उघडायची दोरी ओढून बघूनच पैसे द्या.

[दृश्य: समोरच्या घराचं शटर, सावलीत. जुना निळा पत्रा.]

समोरच्या काकांनीही विचारलं, आम्ही बसवू का? त्यांचं दार पूर्वेला. सकाळी ऊन येतं, दुपारी सावली. त्यांना म्हटलं, नका. फिकट रंग मारा, बास. गडदाच्या जागी पांढरट रंग दिला तर आमच्याच हिशोबात दीड हजार वॅटचे नऊशेवर आले होते, नवं दार न घेता. दक्षिणेचं दार असेल तर आणखी मजा. वास्तूवाले त्याला नाकं मुरडतात. पण सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर, मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग दुपारीही उत्तरेकडे कलतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या दाराला छज्ज्याची सावली पुरते. आणि ज्यांच्या पार्किंगवर खोली नाही, नुसता स्लॅब आहे, त्यांनी आधी स्लॅबचं बघावं. दारापेक्षा तो दुप्पट-अडीचपट मोठा आणि दिवसभर उन्हात.

आमच्या पार्किंगवर झोपायची खोली, तोंड पश्चिमेला, आत माणूस सहा तास बसणार. म्हणून घेतलं. ४० मिलिमीटरचं पफ, रंग दुधी.

[दृश्य: संध्याकाळचे सव्वासात. आकाश तांबूस.]

पहिल्याच संध्याकाळी चूक झाली. दुपार बरी गेली म्हणून दार बंदच ठेवलं, आणि आठ वाजता आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. माणसाची, मशीनची, नुकत्याच आलेल्या कारच्या इंजिनची उष्णता आत कोंडली. फेस दोन्हीकडून अडवतो.

तेव्हापासून क्रम ठरलाय. सकाळी नऊला दार खाली. ऊन उतरलं की आई आधी अंगणात सडा टाकते, मग दोरी ओढते. दार वर जातं, ओल्या मातीचा वास आत येतो, आणि ती उरलेल्या बाह्या जोडायला बसते. या वेळी तोंड रस्त्याकडे करून.