पहिली चूक पुतळ्यावर

नमस्कार श्रोतेहो. मी भूलतज्ज्ञ आहे. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात नव्या रेसिडेंट डॉक्टरांना शिकवते. रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढचं शिकायला आलेली मुलं. रात्री दोन वाजता सिस्टरनं हाक मारली की वॉर्डात सगळ्यात आधी हीच पोहोचतात.

२०२० साली कोरोना आला आणि या मुलांपुढे एक विचित्र पेच उभा राहिला. श्वासनलिकेत नळी टाकणं, म्हणजे इंट्यूबेशन, ही मुलं आजवर सिनियरच्या खांद्याशी उभी राहून शिकायची. आता नियम आला: खोलीत मोजकी माणसं हवीत आणि नळी सर्वांत अनुभवी हातानंच टाकायची. नियम योग्यच होता, कारण नळी टाकताना रुग्णाच्या श्वासातले कण थेट तोंडावर येतात. पण मग नव्यांनी शिकायचं कुठे? आणि अनुभवी माणूस दुसऱ्या वॉर्डात अडकला तर?

म्हणून आम्ही सरावाचा पुतळा काढला, म्हणजे छाती दाबायला, नळी टाकायला शिकण्यासाठीची माणसाएवढी बाहुली. १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानं असा पहिला पुतळा तयार केला होता, हे मला फार आवडतं. आम्ही मात्र तो वर्गात न ठेवता वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर झोपवला.

मे महिना, बाहेर पारा पंचेचाळिशीला. "पेशंटचं हृदय थांबलं," मी ओरडले. एक मुलगी धावली आणि थेट छाती दाबायला लागली. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, खोली पाच सेंटिमीटर, सगळं अचूक. फक्त अंगात पीपीई किट, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा पोशाख, नव्हतं. मी तिला थांबवलं. ती रडवेली झाली.

"मॅडम, तिकडे पेशंट जातोय आणि मी इथे चेन लावत बसू?"

डॉक्टर होताना आम्ही धावायलाच शिकवतो, आणि आता तिला थांब म्हणत होतो. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. पण त्या प्रश्नातूनच आम्ही कामाच्या पाळीची पद्धत बदलली: दर पाळीत एक जण किट घालून आतच राहणार, आणि दारापाशी उघडून ठेवलेले दोन संच कायम तयार असणार.

आणखीही उमगलं. मास्क आणि शील्डमधून शब्द पोहोचतच नाहीत. मग छातीवर मार्करनं नावं लिहिली आणि सूचना ऐकणाऱ्यानं ती मोठ्यानं परत म्हणायची: "अ‍ॅड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम." "अ‍ॅड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम दिलं."

खरी भीती किट काढताना. हातमोज्यांना हळदीचं पाणी लावून आम्ही मुलांना किट काढायला सांगितलं. कुणाच्या मनगटावर पिवळं, कुणाच्या कानामागे. हळद विषाणू असती तर, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सगळी गप्प झाली.

सरावानंतर अर्धा तास आम्ही बसून बोलायचो. कोण चुकलं हा प्रश्न वर्ज्य. त्या क्षणी तुला काय दिसत होतं, एवढंच विचारायचं. माझ्या मते शिकणं बरंचसं त्या अर्ध्या तासात होतं. पुतळ्याशिवाय ते बोलणं घडत नाही, आणि बोलण्याशिवाय पुतळा नुसतं प्लॅस्टिक.

त्या दिवशी सगळे उठले तरी ती मुलगी उठली नाही. म्हणाली, "मॅडम, परत एकदा. या वेळी किट घालून." आम्ही पुतळ्याची चादर सरळ केली, ती दाराबाहेर गेली, आणि मी पुन्हा ओरडले.