भोरड्या आल्या हुरड्यावर

आधी हा आवाज ऐका. वारा नाहीये हा, पंख आहेत. भोरड्यांचा थवा, आणि आत्ता जो वळला ना तो सगळाच्या सगळा एकदम वळला, मागं कुणी राहिलं नाही.

जानेवारीची सकाळ आहे, मंगळवेढ्याचं काळं शिवार, मालदांडी हुरड्यात आलीय. पावसाळा सरता सरता पेरलेली ही ज्वारी, पाटाचं पाणी नाही, ठिबक नाही, काळ्या रानानं जी ओल धरून ठेवलीय तेवढ्यावर डोक्याच्या वर जाते. 2016 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. कणीस दाबलं की अजून चीक येतो, आणि भोरडीला नेमका हाच दाणा लागतो.

आता ही जवळून बघा. डोकं काळं, पंख काळे, अंग गुलाबी. पण थव्यात निम्म्या मातकट दिसतील, कारण नवीन पिसांची टोकं भुरकट असतात, ती हिवाळाभर झिजत जातात आणि खालचा गुलाबी वर येतो, म्हणजे मार्चमध्ये निघायच्या वेळेला त्या सगळ्यात देखण्या असतात. निघून जातात कुठं, तर मध्य आशियात, पूर्व युरोपात, तिथं दगडांच्या सांदीत घरटी करतात आणि पिल्लांना टोळ भरवतात. चीनमध्ये टोळ आवरायला माणसांनी मुद्दाम त्यांच्यासाठी दगडांचे ढीग रचलेत! आपल्याकडं ती दाणे खाताना दिसते म्हणून चोर ठरते, पण हा शॉट बघा, शेजारच्या हरभऱ्यात उतरलीय आणि चोचीत अळी आहे.

हे सगळं बांधावर बसून घेतलंय. उजाडायच्या आधी जायचं, सूर्य पाठीला ठेवायचा, अंगावर घोंगडं घ्यायचं आणि हलायचं नाही. कॅमेऱ्याचं शटर 1/2000 सेकंदापेक्षा हळू केलं की पंख पुसट येतात. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून काही जण ढेकूळ मारतात, टाळ्या वाजवतात, कृपा करून हे करू नका, थवा आपणहून दर थोड्या वेळानं उठतोच, थांबायची तयारी पाहिजे फक्त.

कणसावर ही पिवळी पाखरं दिसतायत ते काळ्या डोक्याचे भारीट, तेही लांबून आलेले पाहुणेच. आणि हा बघा, हा ज्वारीच्या शेंड्याला घासत येतोय तो भोवत्या, शिकारी पक्षी, पण ससाण्यासारखा झडप घालत नाही, रान विंचरत येतो, तो दिसला की सगळा थवा चेंडूसारखा गोळा होतो.

थवा बसला की कणसं रिकामी होतात, नुकसान होतं, म्हणून अण्णा सकाळपासून माळ्यावर गोफण घेऊन उभे आहेत. "फोटो काढा की, पण हाकलू नका म्हणू नका बघा," म्हणाले, आणि हुरडा भाजून हातावर दिला. गोफणीनं पाखरू उठतं, मरत नाही. जाळी लावली की अडकून मरतं. पलीकडं हिरवं दिसतंय तो ऊस आहे, तिथंही आधी ज्वारीच होती.

दुष्काळात संत दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी कोठार उघडलं ते हेच मंगळवेढं.

संध्याकाळ झाली. थवे चारी बाजूंनी बाभळींकडं यायला लागलेत, एक आला, दुसरा त्यात मिसळला, तिसरा. आता मी बोलत नाही, आवाज तेवढा चालू ठेवा.