छताखालची रात्र

रात्रीचे अकरा वाजलेत. स्लॅबला खालून हात लावला तरी अजून गरम लागतोय. दिवसभर सिमेंटनं, डांबरानं ऊन पिऊन घेतलेलं असतं आणि ती सगळी धग आता घरात उतरतेय, बाहेर झाड नाही, इमारतीला इमारत चिकटलेली, वारा येणार कुठून. उष्माघात म्हटलं की लोकांना दुपारचं ऊन आठवतं, पण खरा घात रात्री होतो हो, कारण तापलेल्या शरीराला सावरायला गार रात्र लागते आणि तीच मिळत नाही, असं सलग तीन-चार दिवस झालं की म्हातारी माणसं, हार्टचे पेशंट, तान्ही बाळं यांना झेपत नाही.

अहमदाबादनं हे मे २०१० मध्ये भोगलंय. पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर माणसं जास्त गेली. मग २०१३ ला तिथे हीट ॲक्शन प्लॅन आला, इशारे सुरू झाले, दवाखाने तयारीत राहायला लागले. फार चांगलं झालं. पण मोबाईलवर इशारा आला म्हणून डोक्यावरचा पत्रा गार होत नाही ना.

म्हणून तिथल्या वस्त्यांमधल्या बायकांनी छतंच हातात घेतली. महिला हाऊसिंग ट्रस्टच्या मदतीनं ऊन परतवणारा पांढरा रंग घरोघरी पोचवला. आधी पत्रा झाडायचा, गंज खरवडायचा, धुऊन वाळवायचा, मग पहिला हात, तो सुकला की दुसरा. आतलं तापमान दोन-चार अंशांनी उतरतं. ऐकायला कमी वाटतं, पण घरात बसून शिवणकाम करणारीला विचारा, तिची दुपारची मशीन चालू राहते की बंद पडते एवढा तो फरक आहे. आणि रंगावर धूळ बसतेच, ती दरवर्षी कोण धुणार हे गल्लीनं आधी ठरवलं असेल तरच ते टिकतं.

पण नुसतं छत गार करून भागत नाही, शेजारही लागतो. अमेरिकेत शिकागोला जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेच्या वर माणसं गेली, त्यात कितीतरी म्हातारी, एकटी, दारं-खिडक्या लावून बसलेली. ज्या वस्त्यांत रस्त्यावर वर्दळ होती, शेजाऱ्यांचं येणं-जाणं होतं, तिथे गरिबी असूनही मृत्यू कमी झाले.

तेव्हा एक यादी करा, गल्लीत एकटं कोण राहतं त्याची. दुपारी एकदा, झोपायच्या आधी एकदा दार वाजवायचं, पाणी प्यायलात का विचारायचं. अंग तापलंय, बोलणं असंबद्ध होतंय असं दिसलं तर थांबायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारत राहायचं, वारा घालत राहायचं.