ओठ जड झाला का?

[दृश्य : विदर्भातल्या एका दंत महाविद्यालयाची ओपीडी. सकाळचे साडेदहा. खुर्चीवरचा दिवा, त्याखाली पन्नाशीच्या एका बाईंचा चेहरा.]

"मावशी, ओठ जड झाला का?"

मावशी बोटाने खालचा ओठ चाचपतात. आधी डावीकडे, मग उजवीकडे. आणि घाबऱ्या आवाजात सांगतात, "अर्धाच झाला जी मॅडम. इकडचा काहून नाही झाला?"

मॅडमच्या तोंडावर मास्क आहे, तरी त्या हसल्या हे डोळ्यांवरून कळतं. अर्धाच व्हायला हवा होता. बधिरपणा ओठाच्या बरोबर मध्यावर येऊन थांबला, म्हणजे डाव्या बाजूची नस सापडली. मावशींची डावी खालची दाढ काढायची आहे. महिनाभर ठणकत होती. लवंग झाली, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या.

मी स्वतः दंतवैद्य आहे. खालची दाढ काढण्याआधी दिली जाणारी भूल आणि ती देण्याच्या वेगवेगळ्या वाटा, हे सगळं ज्यांना त्या खुर्चीत बसायचं आहे त्यांच्यासाठी सांगावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. कारण "खालची दाढ काढताना दुखतंच" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि लोक ते मुकाट्याने मान्य करतात.

[दृश्य : टेबलावर मानवी कवटी. वरचा जबडा, मग खालचा.]

वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि जाळीदार असतं. दाताशेजारी हिरडीत औषध सोडलं की ते मुरमाड जमिनीत पाणी मुरावं तसं मुरतं आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या नसेपर्यंत पोचतं. खालचा जबडा, विशेषतः दाढांपाशी, म्हणजे कातळ. तिथे शेजारी कितीही औषध सोडा, ते आत पुरेसं झिरपत नाही. म्हणून खाली वेगळी युक्ती करावी लागते. नस हाडात शिरण्याआधीच तिला गाठायचं.

ही नस जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या अंगाला असलेल्या एका छिद्रातून हाडात शिरते. आतल्या बोगद्यातून पुढे जाताना दाढांना, दातांना फांद्या देते. उपदाढांच्या खाली दुसऱ्या छिद्रातून तिची एक शाखा बाहेर पडते आणि ओठाला, हनुवटीला जाते. म्हणून डॉक्टर दाढेचं न विचारता ओठाचं विचारतात. ओठ हा त्या ओळीतला शेवटचा थांबा. तो बधिर झाला, तर मागची वाट बंद झाली असावी, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणते मी, खात्री नाही. त्याचं कारण पुढे येईल.

[दृश्य : जुन्या शस्त्रक्रियागृहांची रेखाचित्रं.]

1884 च्या सप्टेंबरात कार्ल कोलर यांचा प्रयोग हायडेलबर्गच्या परिषदेत मांडला गेला. कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो, हे त्यांनी दाखवलं होतं. त्यानंतर काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड आणि रिचर्ड हॉल या शल्यविशारदांनी तेच कोकेन सुईने खालच्या जबड्याच्या नसेपाशी सोडलं. प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले. त्याची किंमत भयंकर होती. दोघंही कोकेनच्या आहारी गेले. कोकेनची जागा 1905 मध्ये प्रोकेनने घेतली. 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. आपल्या दवाखान्यांतल्या काचेच्या बाटलीत आज तेच असतं : 2 टक्के लिग्नोकेन आणि त्यात 80,000 भागांत 1 भाग ॲड्रेनालिन. ॲड्रेनालिनमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं आणि रक्तही कमी येतं. हृदयाचा त्रास असेल तर हे प्रमाण जपून ठरवावं लागतं. म्हणून डॉक्टर आधी बीपी विचारतात. त्यांना खरं सांगा.

[दृश्य : हाताचा क्लोज-अप. अंगठा तोंडात, उभ्या हाडाच्या कडेवर.]

आता नेहमीची पद्धत. आमच्या भाषेत नुसतं "ब्लॉक". मॅडमचा अंगठा बघा. खालच्या शेवटच्या दाढेच्या मागे हाडाची उभी कड लागते, तिच्यावर एक खोलगट जागा असते, तिथे तो टेकला आहे. तोंड मोठं उघडलं की त्याच्या आत एक घडी वरून खाली उतरताना दिसते. सुई या दोहोंच्या मधून जाते. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून येते, खालच्या दाढांच्या पातळीच्या बोटभर वरून. सुई 20 ते 25 मिलिमीटर आत गेली की टोकाला हाड लागतं.

हे "हाड लागणं" शिकायला मला वर्ष लागलं. लवकर लागलं, तर सुई फार पुढे आहे. लागलंच नाही, तर फार मागे, आणि तिथे औषध सोडायचं नाही म्हणजे नाही. मागे लाळेची मोठी ग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहऱ्याची नस जाते. औषध तिथे गेलं तर काही तास डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. पुन्हा पूर्ववत होतं, पण पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या काळजाचं पाणी होतं.

हाड लागलं की सुई किंचित मागे. मग दट्ट्या हलकेच मागे ओढून पाहायचा. सिरिंजमध्ये लाल धागा दिसला, तर टोक रक्तवाहिनीत आहे. जागा बदला, पुन्हा बघा. या पद्धतीत शंभरात 10 ते 15 वेळा असं होतं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. थोडा आकडा नाही. मग औषध सोडायचं, सावकाश. एका मिलिलिटरला किमान एक मिनिट. घाईने दाबलं तर ऊती ताणल्या जातात आणि इंजेक्शनच दुखतं. मला इंजेक्शन देताना बोलणारे डॉक्टर आवडतात. बोलण्याने हात आपोआप संथ होतो.

बाहेर येता येता अर्ध्या वाटेवर थोडं औषध जिभेच्या नसेसाठी. आणि मग दुसरी टोचणी, गालाच्या बाजूच्या हिरडीसाठी, कारण दाढांपाशी त्या हिरडीची नस वेगळीच आहे, वेगळ्या वाटेने येणारी. ही दुसरी टोचणी राहून गेली, तर दाढ बधिर असूनही हिरडी सोडवताना पहिल्याच क्षणी कळ येते. पेशंटला वाटतं भूल चढलीच नाही.

लहान मुलांत ते छिद्र खाली असतं. सुई मोठ्यांच्या उंचीवर दिली तर ती चुकीच्या जागी जाते. दुधाच्या खालच्या दाढांना बऱ्याचदा ब्लॉकची गरजही नसते, मुलांचं हाड अजून तेवढं घट्ट झालेलं नसतं.

[दृश्य : रिकामी खुर्ची. दिवा बंद.]

माझी खालची अक्कलदाढ काढली तेव्हा मी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला होते. ओठ दगडासारखा जड झाला होता. तरी उपकरण लागलं आणि कळ मस्तकात गेली. मी हात वर केला. उत्तर आलं, "थोडं सहन करा, झालंच." सहन केलं. दुखण्यापेक्षा मला नंतर कितीतरी दिवस एकच गोष्ट सलत राहिली : मी खोटं बोलते आहे असं त्यांना वाटलं.

मी खोटं बोलत नव्हते. कसलेल्या हातांनीही दिलेला ब्लॉक शंभरात 15 ते 20 वेळा पुरा पडत नाही, असं हाच विषय शिकवणारी पुस्तकं लिहितात. कारणं शरीरातच असतात. काहींच्या जबड्याला जिभेच्या बाजूने आणखी एक बारीक फांदी मिळते, ती छिद्राच्या आधीच वेगळी झालेली असते. काहींच्या हाडात एकाऐवजी दोन बोगदे असतात. दाढेशी पू असेल तर तिथली आम्लता वाढते, आणि आम्लात या औषधाचा नसेत शिरणारा अंशच कमी होतो. ओठ जड, तरी दाढ जागी. म्हणून मघाशी अंदाज म्हटलं.

अशा वेळी आणखी वाटा आहेत.

[दृश्य : कवटीवर पेन्सिलची रेघ, तोंडाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत.]

ऑस्ट्रेलियाचे दंतवैद्य जॉर्ज गो-गेट्स यांनी 1973 मध्ये एक पद्धत मांडली. त्यांनी नस आणखी वर गाठली, जबड्याचा सांधा जिथे आहे त्या गोळ्याच्या मानेशी. तिथे मुख्य खोडच हाती येतं. खालच्या दाढांची, जिभेची आणि बहुतेकांत गालाचीही नस एकाच टोचणीत बधिर होते. ती जास्तीची बारीक फांदीही सुटत नाही. सुईची दिशा बाहेरच्या खुणांवरून ठरते : तोंडाचा कोपरा आणि कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याची खालची बाजू. पेशंटने तोंड पूर्ण उघडायचं आणि औषध सोडून झाल्यावरही मिनिटभर उघडंच ठेवायचं. तसं केलं की सांध्याचा गोळा पुढे येतो आणि नस औषधाजवळ राहते. सुई रक्तवाहिनीत जाण्याचा प्रसंग इथे खूपच कमी, शंभरात दोनेक वेळा.

मग सगळे हीच का देत नाहीत? नस तिथे जाड आहे, औषध आत मुरायला वेळ लागतो. नेहमीचा ब्लॉक तीन ते पाच मिनिटांत लागू पडतो, इथे पाच ते दहा मिनिटं धरायची. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना ती मिनिटं डोंगराएवढी वाटतात. शिवाय कानाकडे बघून तोंडात सुई घालायची, या कल्पनेनेच विद्यार्थी बिचकतो. माझं स्पष्ट मत आहे की ही पद्धत प्रत्येक इंटर्नच्या हातात बसायला हवी. ब्लॉक एकदा चुकला की तिसऱ्यांदा तीच सुई तिथेच घालण्यात अर्थ नाही.

[दृश्य : पानटपरीवर लटकणाऱ्या पुड्या. मग एका तरुणाचे दात, मध्ये जेमतेम दोन बोटांची फट.]

आणि तोंड उघडतच नसेल तर? 1960 मध्ये वझिरानी यांनी आणि स्वतंत्रपणे 1977 मध्ये नायजेरियाच्या अकिनोसी यांनी तोंड मिटलेलं असतानाच भूल देण्याची पद्धत लिहून ठेवली. दात एकमेकांवर, गाल सैल. वरच्या शेवटच्या दाढेच्या हिरडीच्या रेषेत, तिला समांतर, सुई वरचा जबडा आणि खालच्या जबड्याचा उभा भाग यांच्यामधून मागे जाते, साधारण 25 मिलिमीटर. इथे हाड लागत नाही, तो आधार नाही. म्हणून खोलीचा अंदाज पक्का लागतो.

अक्कलदाढ सुजून जबडा आखडलेला असेल, तर या पद्धतीने फार सुंदर काम होतं. चावण्याचे स्नायू सैल पडतात आणि मिटलेलं तोंड आपल्यासमोर उघडू लागतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पेशंटइतकीच मीही सुखावले होते.

पण इथे विदर्भात आमच्यासमोर बसणारी बंद तोंडं पुष्कळदा वेगळी असतात. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी विशी-पंचविशीची मुलं येतात, तोंडात दोन बोटंही जात नाहीत. आतली त्वचा पांढुरकी, चामड्यासारखी. सुई टोचतानाच कळतं. यांचा जबडा स्नायूंनी आखडलेला नसतो, आतल्या ऊतींच्याच दोऱ्या झालेल्या असतात. भूल चढते, पण तोंड उघडत नाही. मग त्या दोन बोटांच्या फटीतून दाढ काढायची. मिटल्या तोंडाची ही पद्धत हाताशी असली, तर निदान न दुखवता काढता येते.

[दृश्य : दाताच्या आणि हिरडीच्या मधली बारीक सुई. हिरडी पांढरी पडताना.]

शेवटची वाट सगळ्यात छोटी. दात आणि हाड यांच्यामध्ये जो धाग्यांचा थर असतो, त्यातच बारीक सुई घालून दाबाने औषध सोडायचं. प्रत्येक मुळाला जेमतेम 0.2 मिलिलिटर. भोवतीची हिरडी पांढरी पडली की समजायचं, जागा बरोबर. परिणाम जवळपास लगेच, आणि ओठ-जीभ मोकळी राहते. हिमोफिलियाच्या, म्हणजे ज्यांचं रक्त नीट गोठत नाही अशा पेशंटला तर ही वाट फार मोलाची, कारण ब्लॉकच्या सुईने खोलवर रक्त साचलं तर श्वासाशी गाठ पडू शकते. टिकते मात्र थोडा वेळ, आणि पुवाने भरलेल्या हिरडीत ही सुई घालत नाहीत.

आर्टिकेनही आहे, 1976 पासून जर्मनीत वापरात आलेलं, 4 टक्क्यांचं. ते हाडातून लिग्नोकेनपेक्षा चांगलं झिरपतं, त्यामुळे खालच्या दाढेशेजारी नुसतं सोडूनही पुष्कळदा काम होतं. चार वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

[दृश्य : पुन्हा मावशी. अकरा वाजायला आलेत.]

मॅडमनी आता टोकदार प्रोब घेतलाय. जिभेच्या बाजूची हिरडी, गालाच्या बाजूची हिरडी. "टोचतंय?" मान नाही म्हणते. "मावशी, दाबल्यासारखं वाटेल, ओढल्यासारखं वाटेल. दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबेन."

चिमटा दाढेला बसतो. हात वर जातो.

मॅडम थांबतात. "दाबतंय की दुखतंय?"

"दुखते जी."

चिमटा बाजूला. बारीक सुई, दाढेच्या कडेने, आधी पुढच्या मुळाशी, मग मागच्या. हिरडी पांढरी पडते. एक मिनिट कुणीच काही बोलत नाही, फक्त पंख्याचा आवाज. मग पुन्हा चिमटा. मावशींचा हात या वेळी मांडीवरच आहे, पदराचं टोक घट्ट धरलेला. दाढ हलते, आणखी हलते, निघते. दोन मुळं, एक टोकाशी वाकलेलं.

मावशी कापसाचा बोळा दाताखाली दाबून उठतात. मॅडम सांगतात : अर्धा तास बोळा दाबून ठेवा, आज चूळ भरू नका, ओठ जड आहे तोवर गरम चहा नको आणि काही चावून खायचं नाही, ओठच चावला जाईल आणि कळणारही नाही. तीन ते पाच तासांत ओठ मोकळा होईल.

"आणि उद्या सकाळपर्यंत नाही झाला, तर फोन करा," असं म्हणत त्या केसपेपरच्या मागे नंबर लिहून देतात. मावशी तो कागद चार घड्या घालून पिशवीत, बटव्याच्या खाली ठेवतात.