स्मरणचित्रातली माणसं

मी चित्रकलेचा शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या परीक्षा दिल्या असतील. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. आठवडी बाजार, एसटी स्टँड, जत्रा असा काहीतरी विषय येतो आणि आठवणीतून चित्र काढायचं असतं. मुलं बाजार काढायची. टोपल्या, भोपळे, वर ताणलेली ताडपत्री, सगळं जागच्या जागी. पण माणसं मात्र सगळी एका छापाची. एकच नाक, हात खाली सोडलेले, कपड्यांचे रंग तेवढे वेगळे.

एका वर्षी मी वर्गाला एसटी स्टँडवर घेऊन गेलो. पहिला तासभर पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसतं बघायचं. आधी मुलं कंटाळली. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. एक मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, ते आजोबा चपला काढून बसलेत, पण पाय चपलांवरच ठेवलेत." मी बघितलं. पाय सुजले होते, म्हणून चपला काढलेल्या. आणि गर्दीत जाऊ नयेत म्हणून टाचांखाली दाबून धरलेल्या, असं मला वाटलं. थोड्या वेळानं एक मुलगी धावत आली. "सर, ती भाजीवाली वजन करताना काट्याकडे बघतच नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते!" घबाड हाती लागावं तसे त्या दोघांचे चेहरे झाले होते.

हा आनंद कशाचा, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला, जमेल तेवढं वाचलं. जन्मून काही तासच झालेलं बाळसुद्धा इतर आकारांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त वळतं. १९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मेरिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म दाखवली होती. पडद्यावर दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोनी घर, बाकी काही नाही. काय दिसलं ते लिहा, असं ३४ जणांना सांगितलं. एकीचा अपवाद सोडला, तर सगळ्यांनी ते आकार जिवंत असल्यासारखं लिहिलं. मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरून लपतं. कागदी आकारांच्या हालचालीतही आपण मन शोधतो, मग समोर हाडामांसाचा माणूस असताना नजर कशी हटेल? चपलांवरचे पाय बघताना त्या मुलाला एका अनोळखी माणसाच्या पोटातली काळजी दिसली. गंमत तिथे आहे, असं मला वाटतं.

आता जरा अवघड बोलतो. आपल्याकडे माणूस बघितला जातो तो पुष्कळदा त्याला कुठल्या खणात टाकायचं ते ठरवायला. कपडे, बोलण्याची ढब, आणि त्यानंही भागलं नाही तर, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव कळलं की आपलं बघणं संपतं. पुढे तो माणूस काय करतो, कसा हसतो, यात रस उरत नाही. याला मी निरीक्षण म्हणणार नाही.

इथे मला इरावती कर्वे आठवतात. पुण्याची ही तरुणी १९३० च्या आसपास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करत होती. वंशावरून माणसाची प्रत ठरते असं मानणाऱ्यांपैकी हे फिशर. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात, आणि युरोपियन कवटीतली ही विषमता युरोपियनांच्या श्रेष्ठत्वाची खूण असावी, असा फिशर यांचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. विषमता होती, पण वंशाशी तिचा संबंध आढळला नाही. त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. परक्या देशात, खुद्द मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. मला या गोष्टीचा फार आदर वाटतो. फरक त्यांनीही बारकाईनं बघितले, आयुष्यभर बघितले, पण डोळ्यांना जे दिसलं नाही ते फरकांच्या गळ्यात अडकवलं नाही.

आजोबांच्या चपला बघणाऱ्या त्या मुलाच्या पेपरला त्या वर्षी एसटी स्टँडचाच विषय आला. वेळ संपायच्या थोडं आधी मी त्याच्या बाकापाशी गेलो होतो. कागदावर एकच बाक होतं, त्यावर आजोबा, मांडीवर पिशवी, आणि चपलांवर टेकवलेले पाय. एका अंगठ्याचं नखसुद्धा त्यानं काढलं होतं. मागची एसटी नुसती रेघांत होती, आणि गर्दीला तर त्यानं अजून हातच लावला नव्हता.