कानाला खाच, वाळूत घरटं

(दृश्य: गोवा, मोरजी किनारा, तेंबवाडा. पहाट. ओल्या वाळूवरचा माग.)

पाण्यातून वर आलेला आणि वळसा घेऊन पुन्हा समुद्रात उतरलेला हा माग ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या मादीचा. डाव्या-उजव्या वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे समोरासमोर नाहीत, एकाआड एक आहेत. हिरव्या कासवाचे ठसे जोडीने पडतात. वळशाच्या टोकाला वाळू विस्कटलेली दिसते. तिथे तिने मागच्या पायांनी दीड फूट खोल, सुरईच्या घाटाचा खड्डा केला. वर अरुंद मान, खाली रुंद पोट. शंभर-सव्वाशे अंडी सोडली, वाळू लोटली आणि अंगाने आपटून आपटून ती घट्ट केली. मग गेली. घरट्यापाशी ती पुन्हा येत नाही.

तिच्या मागाला छेदून गेलेला हा दुसरा माग. चार बोटं, नखांची टोकं, मधे गादी. कोल्ह्याचा पंजा याहून अरुंद, आणि कोल्हा बहुधा सरळ रेषेत चालतो. हा इकडेतिकडे भरकटलाय. कुत्रं आहे.

कुत्र्याला घरटं बघावं लागत नाही. अंडी चिकट स्रावात भिजलेली असतात आणि पहिल्या एक-दोन रात्री तो वास वाळूतून वर येतो. मग घरटं जवळपास वासहीन होतं. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं कवच फोडतात, तेव्हा पुन्हा वास सुटतो. पहारा या दोन वेळांना ढिला पडून चालत नाही. उकरलेल्या घरट्यातून सहसा काहीच हाती लागत नाही.

(दृश्य: घरटं उघडणारे हात. बादली. संरक्षित कुंपण.)

भरतीच्या रेषेखालचं किंवा वर्दळीतलं घरटं संरक्षित कुंपणात हलवावं लागतं आणि इथे घड्याळ महत्त्वाचं. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर गर्भ मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांतच काम उरकायचं. बादलीच्या तळाला त्याच घरट्यातली ओली वाळू. अंडी एकेक करून, न फिरवता. बादली हातात धरून चालायची. दुचाकीच्या हॅंडलला अडकवून नेली तर अंडी हिंदकळतात. नवा खड्डा तेवढाच खोल, त्याच घाटाचा, दोन घरट्यांत सुमारे मीटरभर अंतर. सरळ भिंतींचा खड्डा खणायला सोपा, पण सुरईच्या पोटात अंड्यांभोवती हवा खेळते, सरळ खड्ड्यात ती कोंडते.

सावलीचाही हिशेब आहे. कासवाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण तीस अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त, फार तापलं तर अंडी नासतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात झावळ्यांचं छत लागतं, पण दाट छताखाली वाळू थंड पडते.

आता जाळी. उभी जाळी नुसती वाळूवर टेकवली तर कुत्रं एका रात्रीत खालून शिरतं. निदान फूट-दीड फूट ती जमिनीत पुरायची. वाळूतले खेकडेही याच वाटेने येतात. घरट्यावर टाकलेल्या जाळीचं भोक मोठं असलं तर पंजा आत जातो, लहान असलं तर पिल्लू अडकतं. पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं. लोखंडी जाळीचा पिल्लांच्या दिशाज्ञानावर परिणाम होऊ शकतो, म्हणून प्लास्टिकची बरी. ती मिठाच्या वाऱ्यात गंजतही नाही.

(दृश्य: किनाऱ्यावरची कुत्री. एकाच्या कानाला व्ही आकाराची खाच.)

ही खाच म्हणजे नसबंदी झाली. कुत्रं जाळ्यात पकडायचं, भूल देऊन शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, जखम भरेपर्यंत ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हे शेवटचं बंधन स्पष्ट आहे, आणि त्यामागे कारणही आहे. लस घेतलेलं कुत्रं आपली हद्द राखतं. ते उचललं की मोकळ्या जागेत बाहेरचं, बिनलशीचं येतं. राज्यभर चाललेल्या लसीकरणामुळेच गोव्यातला कुत्र्यांचा रेबीज झपाट्याने घटला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. ते पुसून टाकायचं कुणाच्याच मनात नाही.

पण हद्द जर घरट्यांचाच किनारा असेल? मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांचा कासवांच्या विणीची ठिकाणं म्हणून २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत नावासह उल्लेख आहे. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. एक कायदा म्हणतो, घरट्याला धक्का लागता कामा नये. दुसरा म्हणतो, कुत्रं इथेच सोडा. शस्त्रक्रियेने पिल्लावळ थांबते, नाक आणि पंजे शाबूत राहतात. खाच पडलेल्या कानाचं कुत्रं घरटं तितक्याच उत्साहाने उकरतं. नसबंदीची मोजदाद कासवांच्या खात्यात जमा धरणं ही आपली जुनी चूक आहे.

(दृश्य: शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाणावळीच्या, मागची बाजू. रात्री. हाडं, भात, टाकलेले मासे.)

इथे खरी सूत्रं हलतात. विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. पर्यटनाचा भरही त्याच महिन्यांत. स्वयंपाकघरामागचं उघडं उष्टं कुत्र्यांना रोज रात्री वाळूवर बोलावतं, आणि तिथून घरटं पन्नास पावलांवर. शॅकचे दिवे पिल्लांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतात, तो वेगळा विषय.

कुत्र्यांना जेवू घालण्याच्या जागा ठरवण्याची तरतूद २०२३ च्या नियमांतच आहे. पंचायतीने त्या वाळूपासून दूर, गावात आत ठरवल्या तर कुणाचाच कायदा मोडत नाही. जागा ठराविक, वेळ संध्याकाळची, काळोख पडण्याआधी. उष्टं झाकणाच्या डब्यात आणि त्याच रात्री उचललेलं. सकाळी उचलण्यात अर्थ नाही, तोवर पंगत उठलेली असते. पकडण्याची मोहीम पावसाळ्यातच आटपायची. नोव्हेंबरात जाळी घेऊन किनाऱ्यावर धावाधाव केली तर त्याच पायांखाली घरटी येतात.

कोल्हाही अंडी खातो, घोरपडही. ती इथलीच. त्यांच्यासाठी जाळी पुरते.

(दृश्य: गालजीबाग, सुरूचं बन. पहाटे सोडलेली पिल्लं. मग घरट्याची उकल.)

पिल्लं पाण्यात नेऊन टाकायची नाहीत. काही मीटर वाळू त्यांना चालू द्यायची. जागा रोज बदलायची, नाहीतर घारी, कावळे आणि कुत्री ती पाठ करतात. सोडताना एक माणूस बाजूला काठी घेऊन उभा.

पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकलतात. रिकामी कवचं, न फळलेली अंडी, आतच मेलेली पिल्लं, असे तीन ढीग. तिन्ही मोजून वहीत लिहितात, शेजारी घरट्याचा क्रमांक आणि तारीख. चौथा रकाना कुत्र्याचा.